"बाबा, हे खरं आहे का?" मुलीला खरे प्राणी आणि खरी हाडं कुठे दाखवू?

धायरीवाला

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. गेलं वर्षभर घरात डायनासोरशिवाय दुसरा विषय नाही. पोळीचा घास तोडला तरी त्याचा आकार कुणासारखा झालाय ते सांगून मगच खाते.

मागच्या महिन्यात एका मैदानावर डायनासोरचं प्रदर्शन लागलं होतं. चौघांची तिकिटं काढली आणि पाऊण तास रांगेत उभे राहिलो. आत मान हलवणारे रबरी डायनासोर आणि त्यांच्या डरकाळ्या. स्पीकर एवढे मोठे की माझ्या आईनं दोन्ही कानांवर पदर घेतला. मुलगी काही घाबरली नाही. एका कोपऱ्यात काचेच्या पेटीत वाळूवर एक हाड ठेवलं होतं, तिथं जी थांबली ती हलेना. "बाबा, हे खरं आहे का?" पेटीवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तिथल्या एका मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "हो, ओरिजिनल आहे." दुसऱ्याला विचारलं, तो म्हणाला फायबरचं. येताना गाडीत ती गप्प होती. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "मग खरं कुठे असतं?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागलंय. माझं शिक्षण कॉमर्सचं, या विषयातलं मला काही कळत नाही. खरे प्राणी, खरी हाडं नीट माहितीसकट बघता येतील असं पुण्यात काही आहे का? की सरळ मुंबई गाठू? आई बरोबर असेल. तिचे गुडघे दुखतात, मध्येमध्ये बसायला लागतं. मुलांना घेऊन काही करता येईल असे कार्यक्रम कुठे होत असतील तर तेही सांगा. आणि मुलीचा एक प्रश्न जसाच्या तसा देतो: "पुण्यात डायनासोर होते का?"

---

निगडीचा_बुलबुल

दादा, आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथं त्यांचं स्वतःचं संग्रहालय आहे. पुण्यात राहून निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं. लोणावळा लोकलनं आकुर्डी स्टेशनला उतरा आणि रिक्षा करा. सगळे नमुने अस्सल, आणि प्रत्येकाला शास्त्रीय नाव. केंद्र सरकारचं कार्यालय आहे, त्यामुळे शनिवार-रविवार सुट्टी धरून चाला आणि आधी फोन करूनच जा. शाळेला सुट्टी आणि कार्यालय चालू असा एखादा दिवस गाठा. गर्दी नसते, आईंना निवांत बघता येईल. डायनासोरच्या आशेनं मात्र जाऊ नका, हे आजच्या प्राण्यांचं आहे.

---

गौरी_कर्वेनगर

मी जरा वेगळं सांगते. दोन वर्षांपूर्वी मुलाला मुंबईच्या म्युझियममध्ये नेलं होतं. पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात दहा मिनिटांत म्हणाला, "आई, हे हलत नाहीत, चल." तुम्ही कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात न्या. जिवंत वाघ आहे, हत्ती आहेत, सर्पोद्यान आहे. बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आठ वर्षांच्या पोरांना मेलेले प्राणी कशाला दाखवायचे? मला खरंच पटत नाही.

---

जुनी_झूलॉजी

गौरी, तुझ्या मुलाला दहा मिनिटांत कंटाळा आला यात त्याचं काही चुकलं नाही. आपणच मुलांना पळवतो. हा वाघ, हा गवा, हा बगळा, चला पुढे. असं पळवल्यावर मोठ्या माणसालाही कंटाळा येतो. पण "मेलेले कशाला दाखवायचे" याचं उत्तर मला द्यायचंय, म्हणून जरा लांब लिहिते.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. विभागाचं छोटंसं म्युझियम माझ्या ताब्यात होतं. चौदा कपाटं आणि अडीचशेच्या आसपास बरण्या. दर पावसाळ्याआधी बरण्यांतलं फॉर्मॅलिन तपासायचं, झाकणांना मेण लावायचं, पक्ष्यांच्या खणांतल्या डांबरगोळ्या बदलायच्या. कुणी बघायला येवो न येवो, हे काम चुकवायचं नाही. २ ते ८ ऑक्टोबर या वन्यजीव सप्ताहात आम्ही आसपासच्या शाळांतली मुलं आणि त्यांचे पालक यांना बोलवायचो. पहिल्या वर्षी मी सगळी कपाटं ओळीनं दाखवली, मुलांनी जांभया दिल्या. जाताना एक मुलगा मुंगसासमोर थांबून म्हणाला, "मॅडम, याचे डोळे खरे आहेत का?" पुढच्या वर्षीपासून आमचा सगळा कार्यक्रम त्या प्रश्नावर उभा राहिला.

धायरीवाले दादा, तुमच्या मुलीचा प्रश्न तोच आहे, म्हणून हात शिवशिवले.

आम्ही प्रत्येकाला एक कागद द्यायचो. मधोमध रेघ. डावीकडे "खरं", उजवीकडे "केलेलं". एका मुलाला एकच प्राणी, आणि पालकांनी तोंडातून अक्षर काढायचं नाही. पेंढा भरलेल्या प्राण्याची कातडी, केस, पिसं, शिंगं, नखं खरी असतात. डोळे काचेचे. तोंड उघडं असेल तर जीभ आणि हिरड्या घडवलेल्या. आत अख्खा सांगाडा असतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. आत तारा, लाकूड, भुसा, प्लास्टर, हल्ली फोम, आणि त्यावर कातडी चढवलेली. माशाचा रंग मेल्यावर उडतो, म्हणून मासा बहुधा वरून रंगवलेला असतो. ज्याला डायोरामा म्हणतात, म्हणजे काचेमागे अख्खं जंगल उभं केलेलं असतं, त्यात पानं मेणाची किंवा कापडाची असतात, आणि मागची भिंत गोलसर करून तिच्यावर आकाश रंगवलेलं असतं, म्हणजे कोपरा दिसू नये. हे शोधायला लागलं की दहा वर्षांचं पोर चाळीस मिनिटं एका कपाटासमोरून हलत नाही. मी डोळ्यांनी बघितलंय.

(नमुन्यांना हात का लावू द्यायचा नाही, हेही मुलांना खरं सांगावं. जुन्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून आतून आर्सेनिकचा साबण लावायचे. ते विष आहे. एवढं सांगितलं की मुलं हात मागे बांधून उभी राहतात, रागवावं लागत नाही.)

आता खणातल्या पक्ष्यांविषयी. कपाटाच्या खालचे खण मी शेवटी उघडायचे. आधी डांबरगोळ्यांचा भपकारा यायचा. आत पक्षी पाठीवर ओळीनं निजवलेले, पंख मिटलेले, पायांची कैची करून दोऱ्यानं बांधलेली. यांना काचेचे डोळे नसतात, डोळ्यांच्या जागी कापूस असतो, कारण ते शोभेसाठी नसतात, अभ्यासासाठी असतात. प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी. आमच्याकडे एक नीलपंख होता. चिठ्ठीवर टाकानं लिहिलं होतं: किरकी, १२ जानेवारी १९३४, नर. शाई पार तपकिरी झालेली, पण पंख अलगद उचलला की खालचा निळा असा लखकन उठायचा की मुलांचा आवाजच बंद व्हायचा. तो निळा रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून उजेड परततो त्याचा असतो, म्हणून लवकर विटत नाही. एका वर्षी खडकीच्या शाळेची मुलं होती. किरकी म्हणजे तुमची खडकी, असं सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "आमच्या खडकीत? कुठे?" मी म्हटलं, तेच आता तू शोधायचंस.

गौरी, माझं उत्तर हे आहे. कात्रजचा वाघ बघायलाच हवा, त्यात वाद नाही. पण १९३४ सालच्या जानेवारीत खडकीत कोण उडत होतं हे कात्रजचा वाघ सांगू शकत नाही. ते खणातला पक्षी सांगतो, आणि तोही चिठ्ठी आहे म्हणूनच. जागा आणि तारीख नसलेला नमुना आम्ही घेतच नसू, कितीही देखणा असला तरी. तुमच्या मुलीनं ज्या पेटीसमोर ठाण मांडलं तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं ना? तिला बरोबर तेच खटकलं.

मुंबईला जरूर जा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९२२ साली लोकांसाठी उघडलं. त्याचा निसर्ग-इतिहास विभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहावर उभा राहिला. ती सोसायटी १८८३ सालची, आणि तिचं कार्यालय, हॉर्नबिल हाउस, आजही शेजारीच आहे. सोसायटीच्या चिन्हावर धनेश, म्हणजेच हॉर्नबिल पक्षी, का आहे हे मुलीला सांगा. १८९४ पासून पुढची सव्वीस वर्षं त्यांच्या कार्यालयात एक जिवंत धनेश मुक्कामाला होता, त्याचं नाव विल्यम. आणि पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली लहानपणी एक वेगळीच दिसणारी, कंठावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन याच सोसायटीत गेले होते. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला वाटेला न लावता एकामागून एक खण उघडून पक्षी दाखवले. बाकी सगळं त्या खणांतून सुरू झालं.

सकाळची डेक्कन क्वीन पकडा, संध्याकाळी तीच गाडी परत आणते. सीएसएमटीहून टॅक्सीनं पाच-दहा मिनिटं. आत गेल्यावर बाकीच्या दालनांचा मोह आवरा. निसर्ग विभागात फ्लेमिंगो, धनेश, गवा, वाघ यांचे डायोरामा आहेत. त्यातला एक मुलीला निवडू द्या आणि तिथंच बसा. आईंसाठी घडीचं हलकं स्टूल नेता येईल का ते आधी विचारून घ्या. त्याच आवारात २०१९ पासून मुलांचं वेगळं म्युझियम आहे आणि कार्यशाळाही होत असतात. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन, तो साधता आला तर उत्तम.

घरी काय करता येईल? आमच्या कार्यक्रमात "हात लावा" असं एक टेबल असायचं. म्हशीचा दात, बोकडाची कवटी, शंख, रेशमाचा कोश, समुद्रफेस. समुद्रफेस मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, आणि तो फेस नाही, माकूल नावाच्या सागरी प्राण्याच्या पाठीतला भाग आहे, हे कळल्यावर आज्यासुद्धा चकित व्हायच्या. सगळ्यात जास्त गर्दी घुबडाच्या गोळ्यांना. गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळतं, आणि न पचलेली हाडं-केस गोळा करून तोंडावाटे टाकतं. आम्ही ते गोळे ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रातून काढून, कोमट पाण्यात भिजवून मुलांपुढे ठेवायचो. चिमट्यानं केस बाजूला करत गेलं की बोटाच्या पेराएवढी कवटी निघते. पुढचे दात नारिंगी-पिवळे असतील तर उंदीर, पांढरे आणि अणकुचीदार असतील तर चिचुंद्री. एका गोळ्यात चार जबडे सापडले तेव्हा एका बापानं मुलाच्या आधी टाळी वाजवली होती.

एक कळकळीची सूचना. रानातली पिसं, घरटी, अंडी घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि त्यात हे बसत नाही. पानं, बिया, दगड आणा, चित्रं काढा. आणि जे आणाल त्याला चिठ्ठी लावा.

---

परतलेला_पुणेकर

काकू, किती सुंदर लिहिलंत. थोडी भर घालतो.

आम्ही सहा वर्षं लंडनजवळ होतो. तिथलं नॅचरल हिस्टरी म्युझियम १८८१ पासूनचं. त्याच्या मुख्य दालनात १९७९ पासून डिप्लोडोकस या लांब मानेच्या डायनासोरचा प्रचंड सांगाडा उभा होता, लाडकं नाव डिप्पी. पण डिप्पी खरा नव्हे. अमेरिकेतल्या हाडांचे साचे घेऊन ओतलेली ती प्लास्टरची प्रतिकृती, १९०५ साली लंडनला आलेली. म्युझियमनं हे कधी लपवलं नाही आणि लोकांचं प्रेमही कमी झालं नाही. २०१७ मध्ये तिथं निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगला. तो अस्सल, १८९१ साली आयर्लंडच्या वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर अडकलेल्या देवमाशाचा, २५ मीटरहून लांब. माझ्या मुलानं दोन्ही बघितले. धायरीवाले, प्रतिकृती म्हणजे फसवणूक नाही हे मुलीला सांगा. प्रतिकृतीला प्रतिकृती म्हटलं म्हणजे झालं.

---

काळा_कातळ

मी भूविज्ञानाचा माणूस. मुलीच्या प्रश्नाला उत्तर देतो.

पुण्यात डायनासोरची हाडं सापडत नाहीत, कारण आपल्या पायाखाली सगळा लाव्हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. आजही तो थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दीड किलोमीटरच्या वर जाते. तिला सिंहगडाची वाट चढताना दाखवा. आडव्या पायऱ्या दिसतात ना, ते हेच लोट. डायनासोर संपले तो काळ आणि हा काळ जवळजवळ एकच. म्हणजे तेव्हा ही जागा होती, तिच्यावरून डायनासोर चालले असतीलही, पण ती जमीन लाव्हाखाली गाडली गेली. उकळत्या दगडात हाडं टिकत नाहीत.

महाराष्ट्रात मात्र होते, नक्की होते. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला एका लांब मानेच्या डायनासोरची हाडं मिळाली. त्याला आज आयसिसॉरस म्हणतात, आणि नावातलं "आयएसआय" म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. मुलीला हे नक्की आवडेल: २००५ साली शास्त्रज्ञांनी ती विष्ठा तपासली, तर आत गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले, अगदी भाताच्या नात्यातल्या गवताचेसुद्धा. तोवर समज असा होता की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच. चंद्रपूरच्या शेणानं जगाची पुस्तकं बदलली.

अख्खा उभा सांगाडा बघायचा तर कोलकात्याला त्याच सांख्यिकी संस्थेत, बारापासॉरस. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या भागात सापडला. बंगालीत "बडो पा" म्हणजे मोठा पाय. शेकडो हाडं मिळाली, निदान सहा प्राण्यांची मिसळलेली, पण डोकं मिळालं नाही, फक्त काही दात. म्हणजे जुन्या काकूंच्या कागदावर याला दोन्ही रकाने लागतील.

आणि एक. जीवाश्म "खरं हाड" आहे की दगड, हा प्रश्न ती विचारणारच. हाडाच्या जागी खनिजं मुरत जातात, आकार हाडाचा राहतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि मुलांना हे पटकन कळतं.

आता पुण्यातलं खरं काय? वेताळ टेकडीवर जा, जुन्या खाणीपाशी. फुटका काळा दगड हातात घ्या. त्यात बदामाच्या आकाराचे पांढरे ठिपके दिसतील. लाव्हातून वायू सुटताना बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला, आणि त्या पोकळ्यांत पुढे पाण्यानं खनिजं आणून भरली. म्हणजे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बुडबुडा आहे. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांत कॅव्हान्साइट नावाचं गडद निळं खनिज मिळालं, आणि जगभरातल्या संग्रहालयांत त्याच्या खाली "वाघोली, पुणे" असं लिहिलेलं असतं. बघायचं असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय, नाशिक रस्त्यानं एका दिवसात होतं.

---

गौरी_कर्वेनगर

जुन्या काकू, तुमचं दोनदा वाचलं. माझ्या मुलाला मी खरंच पळवत नेलं होतं, चार वाजता परत निघायचं होतं म्हणून. कागदाची युक्ती घेऊन पुन्हा जाणार आहे.

---

धायरीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

आकुर्डीला जायचं अजून राहिलंय. वेताळ टेकडी पहिल्याच रविवारी झाली. कातळदादा, तिला बदामी ठिपक्यांचा एक दगड मिळाला, लिंबाएवढा. तिनं तो जिभेवर ठेवून बघितला, मी ओरडायच्या आत. म्हणे बुडबुड्याची चव बघत होते. दगड आता देव्हाऱ्याशेजारी आहे, खाली वहीचा तुकडा: "वेताळ टेकडी, खाणीजवळ", तारीख, आणि सापडला कुणाला तेही.

मुंबईला परवा गेलो. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमधून आईला कटलेट आणून दिलं. माझ्या वडिलांबरोबर ती याच गाडीनं जायची, खिडकीतून बघत बसली. म्युझियममध्ये मुलीनं धनेश निवडला, त्या विल्यममुळे. मी घड्याळ बघितलं, पन्नास मिनिटं. मी बोललो नाही, काकूंनी सांगितल्याप्रमाणे. डाव्या रकान्यात आधी फक्त "चोच, पिसं" होतं. मग खाली बसून वर बघितलं आणि "पायाची नखं" वाढवलं. उजवीकडे "डोळा, पानं, आकाश". झाडाच्या फांदीपाशी ती अडली. खरी का केलेली? आम्हा दोघांनाही ठरवता येईना. तिनं ती बरोबर मधल्या रेघेवर लिहिली.

आणि मग जे झालं त्यासाठी खरं तर हे लिहितोय. आई बाकावरून उठून काचेजवळ आली. तिचं माहेर देवरुखकडचं. म्हणाली, "हे आमच्या उंबरावर यायचे. फळं पिकली की जोडीनं यायचे. आधी आवाज यायचा, मग दिसायचे." मुलीनं विचारलं, कसा आवाज? आईनं डोळे मिटले आणि तोंडानं काढून दाखवला, लांबून येणाऱ्या कोळशाच्या इंजिनासारखा, फुस्... फुस्... फुस्... पंखांचा तो. चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. मला माझ्या आईच्या घरामागं उंबर होता हेसुद्धा माहीत नव्हतं. शेजारी उभं असलेलं एक कुटुंबही ऐकत थांबलं.

मुलीनं कागदाच्या तळाला तिसरा रकाना आखला आणि लिहिलं, "आवाज: आजीकडे".

गुडघ्यांचा त्रास झाला, पण आई पुन्हा यायला तयार आहे. काकू, एक विचारायचं होतं. ते घुबडाचे गोळे आता कुठे मिळतील?

---

जुनी_झूलॉजी

धायरीवाले, निवृत्त होताना विभागानं मला सहा गोळे दिले होते, तपासून कोरडे करून ठेवलेले, डब्यावर जागा आणि तारीख आहे. त्यातला एक तुमच्या मुलीचा. इथल्या निरोपातून पत्ता कळवते. येताना भुवयांचा चिमटा, जुनं वर्तमानपत्र आणि जाड सुई आणा, भिंग माझ्याकडे आहे. आईंनाही आणा, मी तळमजल्यावरच राहते.

आणि त्या आधी एक काम. त्या तिसऱ्या रकान्याला चिठ्ठी नाही. आईंना विचारून गाव, वाडी, झाड कुठे होतं आणि साल लिहून घ्या. साल आठवत नसेल तर घरातलं कुठलं लग्न त्याच्या आधीचं आणि कुठलं नंतरचं, तेवढं तरी. उंबर कधी पिकायचा तो महिना त्यांना नक्की आठवेल.